चंद्रावर जाण्याचं गणित आणि ते सांगणारी पुस्तकं

चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी निघालं आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. प्रवासाला ४० दिवस लागले. अपोलो ११ मात्र १६ जुलै १९६९ रोजी निघून पाचव्या दिवशी चंद्रावर होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं यान इतकं वेगवान आणि आपलं इतकं सावकाश का, हा प्रश्न धडगावच्या वर्गात हमखास येतो. चांद्रयान-३ चं वजन सुमारे ३,९०० किलो होतं. एलव्हीएम-३ रॉकेटने ते पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं आणि पुढे यानाने स्वतःच्या इंजिनाने टप्प्याटप्प्याने ती कक्षा ताणत चंद्रापर्यंत नेली. अपोलोच्या सॅटर्न-५ रॉकेटने सुमारे ४५ टनांचा भार थेट चंद्राच्या वाटेला लावला. यंत्राला ४० दिवस वाट पाहता येते. माणसाला रोज हवा, पाणी आणि अन्न लागतं. इथपर्यंत मुलांना पटतं. मग पुढचा प्रश्न येतो : ४५ टनच का, आणि त्यातलं परत किती आलं? इथे शिक्षकाला पुस्तक लागतं.

धडगाव हे सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्य गाव. इथल्या बहुतेक मुलांच्या घरी पावरी किंवा भिलोरी बोलतात. मराठी ही शाळेची भाषा आणि इंग्रजी त्यानंतरची. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' मध्ये ही मुलं गुरुत्वाकर्षण शिकतात, मुक्तिवेगाचं सूत्र मांडतात, 'अवकाश मोहिमा' हा धडा वाचतात. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की पुस्तकं इंग्रजी होतात. ज्या वयात गोडी लागते, नेमकं त्याच वयात वाचन तुटतं. माणसाला चंद्रावर नेऊन सुखरूप परत कसं आणतात, हे यंत्र, रसायन आणि गणित यांच्या अंगाने सांगणारी पुस्तकं कोणती, आणि कोणतं पुस्तक कोणता प्रश्न नीट सोडवतं, याचा हा आढावा आहे. त्यामागे एक ठाम म्हणणं आहे. हा विषय दहावी-बारावीच्या गणितात मावतो, म्हणून तो सगळ्या तांत्रिक तपशिलासह मराठीत यायला हवा.

मराठीत काय आहे

चंद्रप्रवासाची ओढ मराठीला जुनी आहे. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं मराठी रूप कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकात १९०० मध्ये आलं. मराठी विज्ञानकथेचा आरंभ अनेक अभ्यासक तिथून धरतात. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. 'चंद्रावर स्वारी' हे त्यांपैकीच. व्हर्नने आपलं यान ९०० फूट, म्हणजे सुमारे २७५ मीटर लांबीच्या तोफेतून उडवलं. एवढ्या अंतरात सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा तर किती त्वरण लागेल, हे नववीतलं गतीचं तिसरं समीकरण सांगतं. उत्तर येतं गुरुत्वत्वरणाच्या २० हजार पटींहून जास्त. सॅटर्न-५ मध्ये अंतराळवीरांना जास्तीत जास्त सुमारे चारपट सोसावं लागलं. तोफ का चालत नाही आणि रॉकेट का लागतं, हे कादंबरी आणि समीकरण शेजारी ठेवलं की पाच मिनिटांत कळतं.

माहितीपर लेखनाची परंपराही भक्कम आहे. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचं. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. मराठी विश्वकोशातल्या अवकाशविज्ञान आणि कृत्रिम उपग्रह यांवरच्या नोंदी आजही पाया पक्का करायला उपयोगी आहेत. जयंत नारळीकरांच्या 'आकाशाशी जडले नाते' या पुस्तकाने खगोलशास्त्र घराघरांत नेलं. माधुरी शानभाग यांनी अनुवादलेलं कलामांचं 'अग्निपंख' हे रॉकेट बांधणाऱ्यांचं जग दाखवणारं बहुधा सर्वाधिक वाचलं गेलेलं मराठी पुस्तक असावं. एसएलव्ही-३ रॉकेटच्या अपयशाचं आणि यशाचं त्यातलं वर्णन मुलांना धीर देतं.

अपोलोशी आपला प्रत्यक्ष संबंधही आला होता. अपोलो ११ चे अंतराळवीर आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स २६ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईत आले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोने आणलेल्या चांद्रनमुन्यांचा अभ्यास केला. तरीही मराठीत माझ्या वाचनात आलेली पुस्तकं दोन जागी थांबतात. काही धाडसाची कथा सांगून थांबतात, काही तारखा आणि नावांची जंत्री देऊन. इंजिन किती सेकंद चाललं, का चाललं आणि चाललं नसतं तर काय झालं असतं, हा मधला पट्टा मोकळाच राहतो.

उड्डाण आणि वाट

हा मधला पट्टा सर्वांत चांगला भरणारं पुस्तक म्हणजे डब्ल्यू. डेव्हिड वुड्स यांचं 'हाऊ अपोलो फ्ल्यू टू द मून' (२००८). वुड्स यांनी पुस्तकाचा क्रम उड्डाणाचाच ठेवला आहे. प्रक्षेपण, पृथ्वीची कक्षा, चंद्राकडे झेप, चंद्राची कक्षा, उतरणं, परतणं, वातावरणात शिरणं. प्रत्येक टप्प्यावर यानाने काय केलं आणि ते तसंच का केलं, हे वाचकाला त्या क्रमाने भेटतं. सॅटर्न-५ ची उंची ११० मीटर आणि वजन सुमारे २,९०० टन. पहिल्या टप्प्याची पाच इंजिनं दर सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि ऑक्सिजन संपवत आणि अडीच मिनिटांत त्यांचं काम होई. पृथ्वीच्या कक्षेत सेकंदाला ७.८ किलोमीटर वेगाने फिरणारं यान तिसऱ्या टप्प्याचं इंजिन जेमतेम सहा मिनिटं पुन्हा चालवून १०.८ किलोमीटरपर्यंत नेलं जाई. तिथून पुढे तीन दिवस यान जवळजवळ इंजिनाविना, गुरुत्वाच्या भरवशावर जाई.

रॉकेटच्या जन्मकथेसाठी रॉजर बिल्स्टीन यांचं 'स्टेजेस टू सॅटर्न' (१९८०) हे नासाने काढलेलं पुस्तक वाचावं. पहिल्या टप्प्याच्या एफ-१ या महाकाय इंजिनाच्या ज्वलनकक्षात ज्वाळा अस्थिर होऊन इंजिनच फुटत असे. अभियंत्यांनी चालू इंजिनात मुद्दाम लहान स्फोट घडवून अस्थिरता निर्माण केली आणि इंधन फवारणाऱ्या तबकडीवर आडभिंती बसवून ती आपोआप शमेल अशी रचना शोधली. सिद्धांत अपुरा पडतो तिथे अभियंता प्रयोगाने कसा पुढे जातो, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट क्वचितच वाचायला मिळतं.

उतरण्याचा दिवस कसा ठरला, ही बाब तर सातपुड्यातल्या वाचकाला लगेच भिडेल. इथली होळी, भोंगऱ्या बाजार, सारं चंद्राच्या कलेवर चालतं. अपोलोचं उतरणंही कलेवरच ठरत होतं. उतरण्याच्या जागी सूर्य क्षितिजावर साधारण ५ ते १४ अंश वर असेल तेव्हाच जायचं, म्हणजे खड्डे-दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि वैमानिकाला जमिनीचा चढउतार दिसतो. २० जुलै १९६९ ला आकाशात शुक्ल पक्षातला, अष्टमीच्या अलीकडचा चंद्र होता, कारण अपोलो ११ जिथे उतरलं त्या शांतिसागरावर तेव्हा नुकतीच सकाळ झाली होती. भारतात उतरण्याच्या क्षणी २१ जुलैचे पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटं झाली होती.

दोन यानं का?

संपूर्ण अपोलोतला सर्वांत मोठा निर्णय कागदावरच झाला. एकच यान थेट चंद्रावर उतरवायचं, की मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवून छोटं यान खाली पाठवायचं? नासाच्या लँगली केंद्रातले जॉन हूबोल्ट दुसऱ्या पर्यायासाठी वरिष्ठांशी भांडले आणि जुलै १९६२ मध्ये तोच मार्ग जाहीर झाला. या वादाचा दस्तऐवजी इतिहास 'चॅरियट्स फॉर अपोलो' (१९७९) मध्ये आहे, तर त्यातली माणसं चार्ल्स मरे आणि कॅथरीन ब्लाय कॉक्स यांच्या 'अपोलो : द रेस टू द मून' (१९८९) मध्ये जिवंत भेटतात. पण हूबोल्ट बरोबर का होते, हे वाचकाने स्वतः मांडून पाहावं, असा आग्रह दोन्ही पुस्तकं धरत नाहीत. ते गणित बारावीच्या मुलाला लॉगच्या कोष्टकावर जमतं.

रशियाचे शिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेलं समीकरण असं : वेगात हवा असलेला बदल भागिले इंजिनातून वायू बाहेर पडण्याचा वेग, आलेल्या भागाकाराचा नैसर्गिक प्रतिलॉग काढला की इंधनासकट वजन आणि इंधन जळाल्यावर उरलेलं वजन यांचं गुणोत्तर मिळतं. अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या छोट्या यानाच्या इंजिनांतून वायू सेकंदाला सुमारे ३.०५ किलोमीटर वेगाने बाहेर पडत. कक्षेतून खाली उतरायला, थोडं तरंगून जागा निवडण्यासह, सुमारे २.१ किलोमीटर प्रतिसेकंद लागतात. तिथे गुणोत्तर जवळपास २ येतं. वर चढायला सुमारे १.८५ लागतात, गुणोत्तर १.८३. दोन्हींचा गुणाकार सुमारे ३.६५. याचा अर्थ, चंद्रावर नेऊन कक्षेत परत आणायच्या प्रत्येक किलोसाठी उतरण्याआधी ३.६५ किलो हाताशी हवेत.

आता पृथ्वीवर परतण्यासाठीचं कमांड मॉड्यूल बघा. त्यावर उष्णतारोधक कवच, वजन सुमारे साडेपाच टन. ते खाली नेऊन परत वर आणायचं तर जवळजवळ १५ टन इंधन वाढतं, आणि ते १५ टन पृथ्वीवरून चंद्रापर्यंत वाहून न्यायला रॉकेट अवाढव्य होतं. ज्याचं चंद्राच्या जमिनीवर काही काम नाही ते खाली नेऊ नका, एवढंच हूबोल्ट सांगत होते. किंमत एकच : चंद्राच्या कक्षेत दोन यानं अचूक जुळली पाहिजेत, नाहीतर खालचे दोघे परत येत नाहीत.

त्या छोट्या यानाची कथा टॉमस केली यांच्या 'मून लँडर' (२००१) मध्ये आहे. केली हे ग्रुमन कंपनीत त्या यानाचे मुख्य रचनाकार होते. वजन उतरवण्यासाठी त्यांनी काय काय केलं हे वाचताना अभियांत्रिकी म्हणजे काय ते समजतं. बसायच्या खुर्च्या काढल्या, अंतराळवीर उभ्याने यान चालवू लागले, त्यामुळे डोळे खिडकीजवळ आले आणि मोठ्या काचांची जागा लहान तिकोनी खिडक्यांनी घेतली. कक्षाच्या भिंती काही ठिकाणी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतक्या पातळ केल्या. माझ्या मते या विषयावर अनुवादाला सर्वांत योग्य पुस्तक हेच आहे.

संगणक आणि हात

यान चालवत कोण होतं, संगणक की माणूस? डेव्हिड मिंडेल यांचं 'डिजिटल अपोलो' (२००८) हा प्रश्न इतिहासकाराच्या नजरेने हाताळतं. फ्रँक ओब्रायन यांचं 'द अपोलो गायडन्स कॉम्प्युटर' (२०१०) यंत्र उघडून दाखवतं. संगणकाचं वजन सुमारे ३२ किलो. बदलता येणारी स्मृती २,०४८ शब्दांची आणि कायमची ३६,८६४ शब्दांची. कायमची स्मृती कारखान्यात बायकांनी हाताने ओवलेली असे. तार चुंबकीय कड्याच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य.

अपोलो ११ उतरत असताना १२०२ हा इशारा का वाजला, हे दोन्ही पुस्तकांत नीट आहे, आणि उतरण्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्या डॉन आइल्स यांच्या 'सनबर्स्ट अँड ल्युमिनरी' (२०१८) मध्ये आतल्या माणसाच्या तोंडून आहे. वरच्या यानाशी जुळण्यासाठीचं रडार त्या वेळी गरजेचं नसताना संगणकाचा वेळ खात होतं. कामं साचली. प्रोग्रामची रचना अशी होती की ताण आला की कमी महत्त्वाची कामं सोडून संगणक पुन्हा सुरू व्हावा आणि इंजिन-दिशा यांची कामं आधी उचलावीत. त्यामुळे उतरणं थांबलं नाही. शेवटी दगडांचा पट्टा ओलांडून आर्मस्ट्राँग यांनी यान पुढे नेलं तेही संगणकाच्या मदतीनेच. हाताची खूण संगणक वाचत होता आणि इंजिनं तो चालवत होता. माणूस विरुद्ध यंत्र असा सोपा झगडा उभा करणाऱ्या लेखनाला मिंडेल यांचं पुस्तक हे चांगलं उत्तर आहे.

श्वास, पाणी आणि ऊन

पुस्तकांची सर्वांत दुबळी बाजू इथे दिसते. रॉकेट आणि संगणकावर स्वतंत्र ग्रंथ आहेत. पण माणूस जिवंत कसा राहिला याचा तपशील वुड्स यांच्या प्रकरणांतून आणि नासाच्या अहवालांतून वेचावा लागतो. विषय मात्र रसायनशास्त्राच्या वर्गासाठीच जणू बनलेला आहे. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. लिथियम हायड्रॉक्साइड तो शोषून लिथियम कार्बोनेट आणि पाणी तयार करतं. रेणुभार मांडले तर ४४ ग्रॅम वायूला ४८ ग्रॅम हायड्रॉक्साइड लागतं, म्हणजे माणशी दिवसाला किलोहून थोडं जास्त. अपोलो १३ मध्ये १३ एप्रिल १९७० रोजी (अमेरिकी वेळेनुसार) ऑक्सिजनची टाकी फुटली आणि दोघांना साधारण दोन दिवस पुरेल अशा छोट्या यानात तिघांना जवळपास चार दिवस काढावे लागले, तेव्हा हेच गणित जिवावर आलं. मोठ्या यानाचे हायड्रॉक्साइडचे डबे चौकोनी, छोट्याचे गोल. पुठ्ठा, प्लॅस्टिक पिशव्या, नळ्या आणि चिकटपट्टी वापरून चौकोनी डबा बसवला गेला. जिम लॉव्हेल आणि जेफ्री क्लुगर यांचं 'लॉस्ट मून' (१९९४) ही हकिकत थरारासह आणि बऱ्यापैकी नेमकी सांगतं.

वीज आणि पिण्याचं पाणी एकाच यंत्रातून येई. हायड्रोजन आणि ऑक्सिजन इंधनघटात एकत्र येऊन वीज देत आणि उरे ते पाणी. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला काळोख म्हणून यान वाटभर स्वतःभोवती सावकाश फिरवत ठेवलं जाई. चंद्रावर चालताना अंतराळवीराच्या अंगाची उष्णता बाहेर टाकण्याची युक्ती आपल्या माठाची सख्खी बहीण आहे. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपून वाफ होतं आणि आतलं पाणी गार होतं. पाठीवरच्या पेटीत सच्छिद्र धातूतून पाणी निर्वात पोकळीत येई, तिथे गोठे, आणि बर्फाची थेट वाफ होताना उष्णता घेऊन जाई. खुद्द पोशाखावर निकोलस दे मोंशो यांचं 'स्पेससूट' (२०११) आहे. पोशाखाचे २१ थर म्हणून पुस्तकाची प्रकरणंही २१. अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी हा पोशाख शिवला, ही बाब ते योग्य मानाने मांडतात.

परत येणं आणि न जमलेलं

चंद्रावरून येणारं यान सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतं. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतून येणारं ७.८ ने. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून ती जवळजवळ दुप्पट. क्षितिजाखाली साधारण साडेसहा अंशांचा कोन साधायचा. फार उथळ झाला तर यान वातावरणावरून उसळून जाईल, फार तीव्र झाला तर आतल्या माणसांना सोसवणार नाही. मायकेल कॉलिन्स यांचं 'कॅरिइंग द फायर' (१९७४) हे अंतराळवीराचं आत्मकथन असूनही, ताऱ्यांवर नेम धरून दिशा काढणं आणि परतीचं हे शिरणं त्यात सुबोध झालं आहे.

अपयश समजून घेतल्याशिवाय तंत्र समजत नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या चाचणीत शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या कक्षात आग लागून तिघे गेले; त्यानंतर जमिनीवर असताना कक्षात ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन ठेवू लागले. रशियाच्या एन-१ रॉकेटची १९६९ ते १९७२ दरम्यानची चारही उड्डाणं फसली. असिफ सिद्दिकी यांचं 'चॅलेंज टू अपोलो' (२०००) आणि बोरिस चेर्टोक यांच्या 'रॉकेट्स अँड पीपल'चा चौथा खंड वाचले की कळतं, पहिल्या टप्प्याची ३० इंजिनं एकत्र बांधून जमिनीवर आधी न तपासण्याची किंमत केवढी होती. केवळ अमेरिकी पुस्तकं वाचणाऱ्याला हा धडा अर्धाच मिळतो.

"माणूस खरंच गेला होता का?" हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. त्याला ही पुस्तकंच सर्वांत चांगलं उत्तर देतात. प्रत्येक टप्प्याचं गणित जुळतं, अपोलो ११, १४ आणि १५ ने ठेवलेल्या परावर्तकांवरून आजही लेसर परत येतो, आणि आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो ११ ची उतरण्याची जागा टिपली आहे.

मराठी पुस्तक कसं असावं

या इंग्रजी पुस्तकांच्या दोन अडचणी आहेत. आकडे फूट, पौंड आणि सागरी मैलांत, आणि पानापानांवर आद्याक्षरांचं जाळं. शिवाय वाचकाला विमानशास्त्र माहीत आहे असं त्यातली बरीच पुस्तकं गृहीत धरतात. त्यामुळे सरळ अनुवादाने भागणार नाही. वुड्स यांच्यासारखा उड्डाणाचा क्रम, केली यांच्यासारखी निर्णयांची कारणं, आकडे मेट्रिक, आणि प्रत्येक प्रकरणात वाचकाने सोडवायचं एक उदाहरण, असं स्वतंत्र मराठी पुस्तक लिहायला हवं. आधार म्हणून नासाचे मूळ अहवाल आणि इतिहासग्रंथ मोफत उपलब्ध आहेत.

उदाहरणं आपल्या घरचीही घेता येतात. एलव्हीएम-३ च्या बूस्टरचे भाग वालचंदनगरला बनतात, विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात. हूबोल्ट यांच्या योजनेचा प्राण असलेली यानजुळणी भारताने १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत साधली. चांद्रयान-३ उतरताना वेग कमी करण्याचे टप्पे मराठी वाहिन्यांनी आकृत्यांसह समजावले आणि लाखो लोकांनी ते श्वास रोखून पाहिले. वाचक तयार आहे याचा याहून मोठा पुरावा नको.

पुस्तक छापील हवं, कारण अक्राणीतल्या अनेक पाड्यांवर मोबाइलचं नेटवर्क भरवशाचं नाही. किंमत आश्रमशाळेच्या ग्रंथालयाला परवडणारी हवी. स्वस्त दरात ग्रंथ काढणारं राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ हे काम करू शकतं आणि मराठी विज्ञान परिषद लेखक-तज्ज्ञ एकत्र आणू शकते. एक अभियंता आणि एक शिक्षक यांनी मिळून लिहावं, आणि छापण्याआधी कच्ची प्रकरणं वर्गात वाचून घ्यावीत. जिथे मुलं अडतील तिथे वाक्य बदलावं.

भारताने २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस उतरवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. आज दहावीत असलेली मुलगी तेव्हा तिशीच्या आसपास असेल, म्हणजे ऐन कामाच्या वयात. त्या मोहिमेला इंजिन, कवच, संगणक आणि हवा यांचं काम जाणणारी हजारो माणसं लागतील. त्यांत सातपुड्यातलं कुणी असावं असं वाटत असेल, तर प्रतिलॉग काढून यानाचं इंधन मोजायला लावणारं मराठी पुस्तक तिच्या ग्रंथालयात याच काही वर्षांत पोहोचलं पाहिजे.